मावशीचा पाळणा जीपवर गेला

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे! टायपिंगच्या क्लासला बसलेय, अर्जाचा सराव करायचा सोडून हेच बडवतेय, कारण कालचं बारसं पोटात मावेना. चुका झाल्या तर झाल्या.

माझी मावशी गाते. कशी गाते? आमच्या गल्लीत दोन्हीकडं कापडाचे माग चालतात. त्या खडखडाटात शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही, पण मावशीनं मागल्या खोलीत सूर लावला की समोरची अक्का आपला माग थांबवते. नवऱ्यानं टाकली म्हणून मावशी आमच्याकडं राहायला आली, तेव्हा मी परकरात होते. तेव्हापासून डोहाळजेवण असो, हळद असो, बारसं असो, बायका तिला हाताला धरून नेणार. त्यातही तिचा एक पाळणा. चाल तिची, शब्द तिचे. पहिलं कडवं चिमणीचं, मग पुढं कितीतरी. तो झाल्याशिवाय आमच्याकडं बारसं झालं असं कुणी मानायचंच नाही.

असंच एका बारशात कुटुंबनियोजनाच्या सरकारी प्रचारातल्या एका साहेबांनी तिला ऐकलं आणि नोकरीच दिली. जीप, भोंगा, पेटीवाला, डफवाला आणि मावशी! पहिल्या दिवशी ती ड्रायव्हरशेजारी बसून गेली तेव्हा अख्खी गल्ली बघायला बाहेर. साहेब म्हणाले, बायकांच्या तोंडात बसलेली चाल द्या. तिनं पाळण्याचीच दिली. खुशीनं दिली हो! त्यावर त्यांनी शब्द घातले: दोन लेकरं बास गं बाई, पाळणा टाक माळ्यावर.

सुरुवातीला लोक हसायचे. मग नसबंदीचा कोटा आला आणि सगळं फिरलं. सांगोल्याकडं जीप दिसली की गडी ज्वारीत पळायचे, बायका आतनं कडी घालायच्या. मावशी रिकाम्या पारासमोर गायची. भोंगा इतका मोठा की कडी घातलेल्या घरातही गाणं शिरायचंच. तिनं सोडायचं म्हटलं तर साहेब म्हणाले, "सोडा की. आधी तुमच्या नावावरच्या नसबंदीच्या केसेस आणून द्या." कुठनं आणणार? मग परत जीप.

आणि गल्लीतली बोलावणी बंद. भांडण नाही, काही नाही. पण कुणाच्या बाळाला पाळण्यात घालताना मावशी नको.

मग आमच्याच ताईला मुलगा झाला. पहिलाच. मावशी म्हणाली, "घरचं बारसं हाय, हितं तरी म्हणीन की." जीपमधेसुद्धा पाळण्याची जुनी कडवी आठवत बसायची म्हणे. आणि ताईच्या सासूचा निरोप आला, "ती जीपवाली पाळण्याम्होरं बसणार आसंल तर आमी येत न्हाय."

आई रडली. मावशीच म्हणाली, "येऊ दे त्यांना. मी घुगऱ्यांचं बघते."

काल दुपारी पुढच्या खोलीत पन्नास बायका, मागल्या खोलीत मावशी एकटी, चुलीपुढं. दार अर्धं लोटलेलं. मी मधे, ना हिकडं ना तिकडं. बाळाला पाळण्यात घातलं आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. सुरू कोण करणार? आजवर मावशीच करायची! शेवटी अक्कानं चिमणीचं कडवं धरलं. सगळ्यांनी उचललं. छान चाललं होतं हो, ताईच्या डोळ्यात पाणी आलं. कडवं संपलं, चाल वर चढली आणि पन्नास बायका एका आवाजात, मीसुद्धा: "पाळणा टाक माळ्यावर!"

सगळ्यांचे पदर तोंडाशी. खाली गल्लीतल्या पोरांनी ओळ उचलली आणि डबे वाजवत नाचायला लागली. कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईनं बाळ उचलून छातीशी धरलं.

सासूबाई उठल्या, तरातरा मागल्या खोलीत. मला वाटलं, आता मावशीचं काही खरं नाही. पण त्या म्हणाल्या, "विहीणबाई, भाईर या. तुमीच नासवलंय, तुमीच नीट करा. पयल्या नातवाचं बारसं हाय माज्या."

"म्हणू मी?" मावशी म्हणाली.

"व्हय. म्हणा आता."

तिनं हात पुसले. पाळण्याजवळ बसली, दोरी धरली. अगदी पूर्वीसारखा चेहरा. चिमणी म्हटली. आवाज असा लागला की समोरचे दोन माग थांबले. चाल वर चढली आणि मावशी थांबली. परत चिमणी. परत तिथंच थांबली. ओठ हलत होते. ती काय दाबून धरतेय ते सगळ्यांना कळत होतं.

"अगं, पुढचं म्हण की," आई म्हणाली.

"फुडचं सापडंना गं. मला बी तेच येतंय."

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी तिच्या हातातली दोरी हळूच घेतली आणि पाळणा नुसता हलवला, गाण्याशिवाय. ताईच्या नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. झालं बारसं.

आज सकाळी खाली जीपचा हॉर्न वाजला. मावशीनं पदर खोचला, जिना उतरता उतरता थांबली आणि मला म्हणाली, "तू तर ल्हानपणापासनं माज्यासंगं म्हणत आलीस. फुडचं कडवं तुला येतंय का गं?"

मी तोंड उघडलं आणि झटकन मिटलं. हॉर्न परत वाजला. ती गेली.

मी वर्गात येईपर्यंत रस्ताभर आठवत होते. चिमणी येते, चाल येते, पुढं तीच ओळ. तुमचं कधी झालंय का असं? तुमच्या घरातलं, अगदी तुमचं गाणं, आणि तोंड उघडलं की दुसऱ्याचेच शब्द? आणि झालं असेल तर तुमचे परत आले का? सांगा की!