पाणी उद्या पोचतंय

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कोणी विचारलं, काय झालं, तर मी सांगतो, पडलो. पडलो बिडलो काही नाही. दाजींचं ऐकलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. दौंडकडचे, कॅनॉलच्या कडेला ऊस. आम्ही निमोण्याचे. मी एका नदीकाठच्या कॅम्पवर कयाक शिकलो आणि पुढं तिथंच पोरांना शिकवायला लागलो. कयाक म्हणजे एका माणसापुरती प्लॅस्टिकची बंद होडी. कमरेपर्यंत आत बसायचं आणि दोन तोंडांच्या वल्ह्यानं पाणी मारत जायचं. आई तिला गुळाची काहील म्हणायची, गावातले फिदीफिदी हसायचे. दाजी हसले नाहीत. कॅम्पवर येऊन संथ पाण्यात शिकले आणि एका पावसाळ्यात म्हणाले, "आता खरं पाणी दाव." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घाटमाथ्यावर एक ओढा आहे, तो खाली जाऊन भीमेला मिळतो. दगडांतून उड्या मारत उतरतो. एकदा त्या दरीत शिरलं की रस्ता नाही, होडी खांद्यावर घेऊन कडा चढायचा आणि बाहेर पडायचं. आम्ही पोचलो तेव्हा मागचा डोंगर काळा झाला होता आणि पाण्याला चहाचा रंग यायला लागला होता. मी म्हणालो, "दाजी, आज नको. वर पडतोय."

"अरं, वर पडलं म्हंजी लगीच खाली येतंय व्हय? आमच्याकडं धरणातनं आवर्तन सोडलं, तर शेतावर याया रात जाती. पाणी उद्या पोचतंय बघ."

आमच्या सगळ्या पट्ट्याला पाणी असंच ठाऊक. धरणातून पाळीनं सोडायचं, निरोप यायचा, मग निवांत फावडं घेऊन पाटावर जायचं. डोंगरातल्या ओढ्याला ना गेट ना पाट, तो घटकाभरात चढतो. हे शिकवणं माझंच काम होतं. पण जावयाला दुसऱ्यांदा नको म्हणायची आमच्यात रीत नाही. ताट आधी त्याचं, शब्दही आधी त्याचा. बहीण त्या घरात नांदते, तिचा संसार मधे येतो. चुलीत गेली असली रीत. उतरलो आम्ही.

निम्म्यात असताना पाणी आलं. दाजींची होडी उलटली, ते बाहेर फेकले गेले आणि एका दगडाला चिकटले. होडी गेली वाहून. मी जवळ गेलो आणि ओरडून सांगितलं, "माझ्या होडीची मागची कडी धरा, कडी." त्यांनी वरून माझं वल्हं धरलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. खांदा निखळला. त्याचा आवाज पाण्याच्या आवाजातही मला ऐकू आला. माझी होडी दाजींसकट तशीच फिरत काठाला लागली, म्हणून दोघं वाचलो.

माझी होडी झाडाला बांधून तिथंच सोडली. हात पंच्यानं छातीशी आवळला आणि कारवीच्या झुडपांना धरत एका हातानं कडा चढलो. पाय घसरला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. दाजी पुढं चालत होते. मधेच थांबून म्हणाले, "घरी मी सांगतो काय ते. तू गप ऱ्हा."

दवाखान्यात पोचायला फार वेळ गेला होता. डॉक्टरांनी खांदा बसवला आणि स्पष्ट सांगितलं, वल्हं विसरा. कॅम्पवर आता मी लाइफ जॅकेटं धुतो आणि वाळत घालतो.

दाजींनी घरी सांगितलं ते असं की, मेव्हणा वाहून चालला होता, मी ओढून काढला. आई रडली. हात झोळीतून सुटा झाल्यावर तिनं त्यांना जेवायला बोलावलं आणि टॉवेल-टोपी आणली. "पाव्हणं, तुमच्यामुळं माझं लेकरू हाय," म्हणाली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तेवढ्यात बहिणीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं, पण तिला संध्याकाळी त्यांच्याच गाडीवर बसून परत जायचं होतं.

"तूच घाल टोपी," आई म्हणाली. दाजी समोर उभे राहिले. ताडमाड माणूस. माझा उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. मी टोपी डाव्या हातात घेतली.

"डाव्या हातानं मान देत्यात व्हय रं? उजव्यानं घाल," आई खेकसली.

दाजी कमरेत जरा वाकले असते, तर उजव्यानं जमलं असतं. ते ताठ उभे राहिले, माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत.