घेरावाच्या आतल्या बाजूला

“अरे, कडी काढा रे! मी आत हाय!” मी असा बोंबललो की पार लष्कराच्या छावणीतले घोडे बिथरले असतील. त्या दुष्काळात शहरातल्या गारखेड्यात इमारतींवर रोज नवे मजले चढत होते आणि विद्यापीठातल्या आमच्या वसतिगृहाच्या नळाला नुसती हवा येत होती. आवाज मोठा म्हणून पोरांनी मागणी सांगायला मला कुलसचिवांच्या खोलीत धाडलं, आणि मी आत शिरताच बाहेरून कडी घालून घेराव सुरू केला. बाहेर रिकाम्या बादल्या बडवल्या जात होत्या. आत पंख्यालाही घाम फुटला होता. “निदर्शनं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, साहेब,” मी म्हणालो. “आणि घरी जायचा माझा?” ते म्हणाले. “विद्यापीठ कुणाच्याच बाजूचं नसतं. पण तासाभरात दार उघडलं नाही, तर वसतिगृहातून पहिला तू बाहेर.” दार उघडलं ते संध्याकाळी, टँकर आल्यावर. त्या पाण्यातल्या औषधाचा वास आला की आजही माझा हात आपसूक दाराच्या कडीकडं जातो. वसतिगृहातली माझी खोली गेलीच. मी कडी घालणाऱ्या दोस्ताची गचांडी धरली, “माझी बोंब ऐकू नाय आली व्हय?” “आली की,” तो म्हणाला. “पण तुझ्यासाठी कडी काढली असती, तर साहेबबी सुटले असते.”