मागे घेतलेली दुरुस्ती

"माझी एक दुरुस्ती हाय," हे खासदारमामांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आमच्या घरात काहीच ठरत नसे. लग्नाच्या जेवणाला बुंदी ठरली, की मामांची जिलेबीची दुरुस्ती यायची. मग ते सगळ्यांना हात वर करायला लावत. बहुधा त्यांचा एकट्याचाच हात वर असे. मामी म्हणायच्या, "पडली तुमची दुरुस्ती. बसा आता गुमान." मामा हसत बसत.

पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवले, तेव्हा सगळ्यात जास्त हरखले ते युसूफभाई. धर्माबादच्या मिरची बाजारातल्या हमालांचे हे पुढारी मामांचे शाळेपासूनचे दोस्त. मिरचीच्या धुळीने त्यांची छाती कामातून गेली होती. पुढे कामगारांच्या विम्याचे विधेयक आले आणि त्यात बाजारातले हमाल नव्हते. मामांनी लगेच दुरुस्ती दिली.

त्या दिवशी बाजारातल्या एका आडत दुकानात टीव्ही लावून सगळे हमाल बसले होते. मीही होतो. मामांनी दुरुस्ती मांडली, बोलले छान. मंत्री म्हणाले, विचार करू. तेवढ्यात पुढच्या बाकावरून पक्षाच्या प्रतोदाने मागे वळून, बसा, अशी खूण केली. पीठासनावरून प्रश्न आला, "मताला टाकू, की मागे घेता?" मामांनी चष्मा पुसला. "मागे घेतो," म्हणाले. मला भयंकर राग आला होता. युसूफभाईंनी टीव्ही बंद केला.

मामा गावी आले तेव्हा युसूफभाईंना म्हणाले, "पक्षाचा आदेश होता. मोडलो असतो तर खासदारकी गेली असती. दुरुस्ती तशी बी पडलीच असती."

"पडू द्यायची होती, गणपत," युसूफभाई खोकत म्हणाले. "हरलो म्हणून सांगितलो असतो पोरांना. आता काय सांगू?"

भांडण झाले नाही. चहा झाला. पण युसूफभाई पुन्हा मामांच्या घरी आले नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत त्या खोकल्यानेच गेले.

मातीला हमालांनी मामांना खुर्ची दिली. बाकी सगळे उभे होते. परतताना मी मामांच्या गाडीत होतो.

"मताला टाकून सगळ्यांना बटनं दाबायला लावलो असतो," ते उमरी गावाजवळ म्हणाले, "तर विरोधात कोण कोण होते, त्यांची नावं राहिली असती. आता युसूफच्या विरोधात माझं एकट्याचं नाव हाय."