सत्तावीस नंबरचे शेरे

मी मानोऱ्याकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. शिकवते म्हणजे बोलते. मुलं ऐकतात असा माझा समज आहे आणि इतक्या वर्षांत तो कुणी मोडलेला नाही. दोनेक वर्षांपूर्वी वरून आदेश आला की दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी व्हिडिओवर सादरीकरण करायचं, सगळ्यांनी सगळ्यांचे व्हिडिओ पाहायचे आणि एकमेकांना दहापैकी गुण देऊन फीडबॅक द्यायचा. सादरीकरणाला वीस गुण, फीडबॅकला वीस, आणि दोन्हींत वेगवेगळं पास होणं सक्तीचं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कपाळावर हात मारला. मी मात्र हौसेने हो म्हणून बसले.

विषय सोपा दिला: घरचं एखादं काम तीन मिनिटांत समजावून सांगा. नमुना म्हणून लिंबाच्या लोणच्यावर माझा स्वतःचा व्हिडिओ टाकला. मग मुलांचे यायला लागले. आसेगावच्या एका मुलाने फवारणीचा पंप कसा धुवायचा ते सांगायला घेतलं. "सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो" इथून तो निघाला, तो दोन मिनिटं पंपापर्यंत पोचलाच नाही. गोठ्यातली म्हैस सोडली तर तिथे कुणीही जमलेलं नव्हतं. उरलेल्या मिनिटात त्याने आभार मानले. आणि तो एकटाच असा नव्हता. पोहरादेवीच्या मुलीचं यात्रेत नारळाचं दुकान लागतं. तिने नारळाआधी प्रमुख पाहुण्यांचं स्वागत केलं. आमच्या मुलांनी माणसाला बोलताना पाहिलंय ते गावातल्या कार्यक्रमात, माईकसमोर. दोष कुणाला द्यायचा?

फीडबॅक तर त्याहून गोड. "छान." "खूप छान." "लय भारी भाऊ." सगळ्यांना दहापैकी दहा. एकाने व्हिडिओ यायच्या आधीच "खूप छान" लिहून ठेवलं होतं. मी फोन करून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो माह्या मामाचा पोरगा हाये. छानच करन."

त्याचंही खरंच होतं म्हणा. लग्नात जेवून उठल्यावर भाजीत मीठ जास्त होतं असं यजमानाला कोण सांगतं? ते घरी जाताना रस्त्यात बोलायचं असतं. पण माझा राग नाकावर असतो. मी ग्रुपवर नियम टाकला: नुसतं छान चालणार नाही, आणि ज्याचा फीडबॅक त्यानेच लिहायचा. दुसऱ्याकडून लिहून घेतला तर वीसपैकी शून्य. शून्य म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे वर्ष अडकणार.

त्यानंतर सुधारणा झाली ती एकाच नंबरात. रोल नंबर सत्तावीस. गावालगत भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला मुलगा, शेवटच्या बाकावरचा, हजेरीला "यस मॅडम" म्हणण्यापलीकडे त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. आणि त्याचे शेरे! पंपवाल्याला त्याने लिहिलं होतं, "पंप दोन मिनिटं नुसता उभा आहे. आधी माल दाखवायचा, मग रामराम. गिऱ्हाईक थांबत नाही." नारळवालीला, "तू हसून बोलते ते चांगलं. पण नारळ निवडायचा कसा तेच राहिलं." आणि मला? "लोणचं चांगलं असेल. पण मॅडम कागदात पाहून बोलतात. रोजच्या कामाले कागद कायले लागते?" दहापैकी सहा.

मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून, कागदाशिवाय, व्हिडिओ पुन्हा केला. चांगला झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ग्रुपवर थोडी तणातणी झाली, पण हळूहळू मुलं व्हिडिओ बदलायला लागली. पंपवाला आता थेट नोझल हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, या सत्तावीस नंबरचं सगळ्यांसमोर कौतुक झालं पाहिजे. म्हणून एका संध्याकाळी ऑनलाइन मीटिंग ठेवली आणि त्याला म्हटलं, "हे तू कसं शोधून काढतोस ते सगळ्यांना सांग बरं."

त्याने माईक चालू केला आणि गप्प बसला. मी धीर दिला. तो आणखी गप्प. मग पाठीमागून एका बाईचा आवाज आला, दबका पण स्वच्छ: "सांग ना रे, एकडाव नुसतं पाहाचं, दुसऱ्या डावाले लिहाचं. सांग, लवकर!"

चाळीस जणांनी ऐकलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. नियम मीच केला होता, तोही ग्रुपवर, आणि आता झाकायलाही जागा नव्हती. मी मीटिंग बंद केली. त्या पोराचं वर्ष माझ्या हाताने अडकणार म्हणून मला खरंच वाईट वाटलं, आणि माझ्या नियमाचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई कॉलेजात आली. बाजार उरकून तशीच आलेली. टोपलीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन-चार जुड्या उरलेल्या. स्टाफरूमच्या दारातच म्हणाली, "सत्तावीस नंबरची माय मी."

मी खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली. रडारड होईल, हातापाया पडेल, म्हणून मी आधीच मन घट्ट करून ठेवलं होतं. ती कामाचं बोलावं तसं बोलायला लागली. फोन तिचाच, भाजीच्या ऑर्डरीचा. विहिरीवरच्या मोटारीची वीज दिवसा यायची तेव्हा पोरगा पाणी द्यायला वावरात, आणि फोन हिच्यापाशी. त्याने सांगितलं होतं, सगळ्यांले दहा टाक आन छान लिही.

"लिवलं मी दोघा-तिघांले. मंग जीव मानेना. जे छान नवतं त्याले छान कसं लिवू, मॅडम?"

मी म्हटलं, मुलाला आठ दिवसांची मुदत देते. चाळीस व्हिडिओ त्याने स्वतः पाहायचे, कॉलेजात, माझ्यासमोर बसून लिहायचे. जमलं तर पास. कुणी विचारलं तर मी सांगेन काय सांगायचं ते.

"बसवा त्याले," ती म्हणाली. "कानाले धरून बसवा." काम झालं होतं. पण ती उठेना. टोपलीचा काठ चाचपत राहिली.

"आन माह्यं?"

"तुमचं काय?"

"मी बी चाळीसचे चाळीस पाह्यले. मले किती पडले?"

मी हसणार होते. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही हसले. ती पोरासाठी आली होती हे खरंच, पण ती यासाठीही आली होती. आठवीची परीक्षा तिने दिली होती, तिने सांगितलं, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. निकाल आणायला कुणी गेलंच नाही. पास झाली की नापास, अजून माहीत नाही.

मी तिच्यासमोर फोनवर सगळे शेरे काढले आणि कागदावर गुण मांडत पहिल्यापासून तपासले. एवढ्या मन लावून मी विद्यापीठाचे पेपरही तपासलेले नाहीत, हे विद्यापीठाला कळू नये. ती समोर बसून माझ्या पेनाकडे पाहत होती. शेवटी मी म्हटलं, "वीसपैकी अठरा."

"दोन कायचे कापले?"

सोडणारी नव्हतीच. मी दाखवलं. तांड्यावरची एक मुलगी आईबापाबरोबर ऊसतोडीला लांब गेलेली होती. तिने फडाच्या कडेला उभं राहून मोळी कशी बांधायची ते सांगितलं होतं, आणि वाऱ्यात अर्धं ऐकूच येत नव्हतं. हिचा शेरा एवढाच: "आवाज येत नाही. पुन्हा कर."

"तिला पुन्हा कुठून जमणार होतं?" मी म्हटलं. "आणि चांगलं एक अक्षरही नाही लिहिलं."

तिने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मोळी तर तिनं बरोबर बांधली होती. घट्ट. ते लिहाचं राह्यलं माह्यानं." आणि लगेच, "बरोबर कापले."

मी तो शेरा उघडून दिला. तिने एका बोटाने, सावकाश, खाली भर घातली: "वाऱ्यात उभी राहून बोलली. मोळी सुटली नाही. मले जमलं नसतं."

मार्क मी वाढवले नाहीत. तिने मागितलेही नाहीत. तिने मागितला तो कागद. "हातानं लिवून द्या. सहीसकट." मी कॉलेजच्या कोऱ्या कागदावर विषय लिहिला, वीसपैकी अठरा लिहिलं, उत्तीर्ण लिहिलं. नावाच्या जागी पेन थांबलं. इतका वेळ बोलत होतो आणि मी तिला नाव विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा तिने आधी नवऱ्याच्या नावासकट सांगितलं, मग हाताने मला थांबवलं.

"नको, मॅडम. शाळेत होतं ते लिवा." आणि तिने तिचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग माहेरचं आडनाव, हजेरी घेताना गुरुजी म्हणत असतील त्याच क्रमाने.