साखरेच्या डब्यातला जाड चमचा

अर्धापाना चमचे चोरतो, अशी गल्लीत बोलवा होती. कुणाकडे चहाला गेला की येताना एक चमचा खिशात घालून येतो म्हणे. समोरच्या काकू तर त्याला चहा आधीच ढवळून द्यायच्या. खरं सांगायचं तर त्याने जन्मात एकच चमचा उचलला, तोही स्वतःच्या घरातला. फक्त तो निघाला सासूबाईंचा. त्यापेक्षा अख्ख्या गल्लीचे चमचे लांबवले असते, तरी इतकी धाकधूक झाली नसती.

अर्धापाना म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मोटारसायकल मिस्त्री. नाव पडलं कारण त्याच्याकडे अख्खा पाना सापडणं मुश्कील. नवा पाना आणला की तो आधी कापतो, मग वापरतो. स्क्रूड्रायव्हरच्या माना उडवलेल्या, ॲलन की घासून नखाएवढ्या केलेल्या, एका पान्याला तर असा बाक दिलेला की बघणाऱ्याची कंबर दुखावी. या सगळ्यामागे एकच हट्ट, कार्बोरेटर गाडीवरून उतरवायचा नाही. दोन्हीकडच्या रबरांच्या पट्ट्या सैल करायच्या, त्याची मान अलगद आपल्याकडे वळवायची आणि खालचे स्क्रू तिथल्या तिथे काढायचे. "पेशंटला खाटेवरून कशाला उठवायचं," असं तो म्हणतो. तिथे जेमतेम बोटं शिरतात. विकतचं हत्यार नुसतं डोकं आपटून परत येतं. त्यात तळाला एक स्क्रू असतो, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा. तो दिसत नाही, हाताला लागतो, आणि गरम इंजिनच्या कुशीत हात घालूनच फिरवावा लागतो. त्याच्यासाठी अर्धापान्याला काहीतरी जाड, चपटं, टोकाशी काटकोनात वळलेलं हवं होतं. साखरेच्या डब्यातला चमचा जाड होता. पुढचं सांगायला नको.

सासूबाई लेकीकडे कायमच्या राहायला आल्या त्या स्वतःचे चमचे घेऊन. एक कमी झाल्यावर त्यांनी डबे पालथे घातले, ओट्यामागे काठी फिरवली, शेवटी जावयाकडे बघितलं. जावई पेपरात तोंड खुपसून बसला होता, आणि पेपर उलटा होता.

तो हत्यारांचा पत्र्याचा डबा रोज संध्याकाळी घरी आणायचा, गॅरेजात ठेवायला जीव होत नसे. डब्याची जागा ओट्याखाली, आणि ओट्यावर आता राज्य सासूबाईंचं. त्यांनी निकाल दिला, "या रविवारी भंगारवाल्याला सगळं वाकडं देऊन टाकायचं. नवी, सरळ हत्यारं घ्या म्हणावं."

"अहो, आई म्हणते ते बरोबर आहे," बायको म्हणाली. "पाय अडखळतो माझा त्या डब्यात."

निम्मं आयुष्य कापून, घासून, वाकवून जमवलेला डबा. पण दोघींसमोर अर्धापान्याची जीभही अर्धीच चालायची. रविवारी सकाळी डबा दाराशी जाऊन बसला. चमचा त्याच्याच तळाशी, फडक्यात गुंडाळलेला.

आणि तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली. "अगं, कडी सरकेना."

सासूबाईंना कडी दणकून लावायची सवय. दांडा वाकून चौकटीवरच्या पट्टीत रुतून बसला होता. शेजारचे सुतारदादा धावत आले. बिजागऱ्या गंजून एकजीव झालेल्या.

"दार फोडू का?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," आतून उत्तर आलं. "मी आत आहे, भान ठेवा."

मग दादांनी आपला लांबलचक, झकास स्क्रूड्रायव्हर दारावरच्या झरोक्यातून आत सासूबाईंच्या हाती सोडला. त्या पट्टीचे स्क्रू काढले की काम झालं असतं. पण पट्टीच्या ऐन समोरून पाण्याचा पाइप उतरलेला.

"हा बसतच नाही इथे. पाइपाला धडकतोय," आतून आवाज आला.

अर्धापान्याने मान उडवलेला स्क्रूड्रायव्हर दिला. त्याची मूठ जाड, तोही अडला. आता डब्यात एकच वस्तू उरली, जी त्या फटीत गेली असती. त्याने बायकोकडे बघितलं, झरोक्याकडे बघितलं, फडकं सोडलं, टोकाला ग्रीस लावलं आणि ती आत दिली.

आतल्या हाताने चमचा ओढून घेतला.

"जावईबापू."

"आई, आधी बाहेर या. मग बोलू."

"हं."

"डोळ्यांनी शोधू नका. बोटाला खाच लागते का बघा. लागली?"

"लागली. हात काळे झाले."

"ते ग्रीस पुसू नका. स्क्रू सुटला की त्याला चिकटतो, मोरीत पडत नाही. आता दाबायचं जास्त, फिरवायचं कमी. आणि आधी किंचित घट्ट करा."

"घट्ट? मला बाहेर काढायचंय की कोंडून ठेवायचंय?"

"गंज मोडतो त्याने. कुरकुरला की उलटा फिरवा."

कुरकुरलं. सुतारदादांनी दाराला कान लावला, बायकोने पदर तोंडाला. स्क्रू एकेक करत ग्रीसला चिकटून निघाले. शेवटच्याला सासूबाई आतून म्हणाल्या, "सांगू नका, समजलंय मला." पट्टी खणकन खाली पडली आणि दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. एका हातात वाकडी झालेली पट्टी, दुसऱ्या हातात चमचा. त्याला कडेने काळं लागलेलं, टोक घासलेलं, मान मुरडलेली. त्यांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

तेवढ्यात भंगारवाला दाराशी आला. "काही वाकडंतिकडं?"

सासूबाईंनी पट्टी त्याच्या पोत्यात टाकली. चमचा डब्यात टाकला, झाकण लावलं आणि डबा पायाने सरकवत ओट्याखाली नेला. मग हात धुताधुता, मागे न बघता म्हणाल्या, "तरी म्हणते, एखादं तरी हत्यार सरळ ठेवायला काय होतं तुम्हाला?"

अर्धापाना म्हणाला, "आई, सरळ जागचे स्क्रू लोक घरीच काढतात. माझ्याकडे येतात ते उरलेले."