सुरुंगाआधीची हाक

नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीच्या पायऱ्या चढताना पायाखालचा दगड कोणी फोडला, असं तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं. म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. भोकरच्या आमच्या घरात ना देव्हारा, ना उतारा. वडिलांनी मला अक्षरं शिकवली ती मोर्च्याच्या पत्रकांवर.

नांदेडच्या कॉलेजात समाजकार्य शिकताना फिल्डवर्कसाठी मला लातूरची एक संस्था मिळाली. परमुलखातून आलेल्या मजुरांसाठी ती काम करायची. लातूर जिल्हा नुकताच झालेला, बांधकामं जोरात. पावसाचा मात्र पत्ता नाही. अहमदपूरच्या रस्त्यावर, एका फाट्यापासून आत खदान होती. तिथले मजूर आंध्रातल्या पालमूरकडचे. गावातले लोक म्हणायचे, "आमच्या पोरांना काम न्हाई, अन् हे परके टँकरचं पाणी पिऊन राहिले."

एल्लम्मा तिथली हाक देणारी. सुरुंगाची वात पेटवण्याआधी ती घमेल्यावर दगड आपटून ठणठणाट करायची आणि खदानीतल्या एकेकाचं नाव पुकारायची. नाव आलं की त्यानं वर येऊन "ओ" द्यायची. सगळ्यांची ओ आल्याशिवाय वात पेटवायची नाही, हा त्यांचा गावाहून आणलेला रिवाज. त्यात एकच खोट होती... हाक देणारीचं नाव कोणीच पुकारायचं नाही.

मुकादमाला हा वेळ खटकायचा. "तुझं भजन आवर गं!" म्हणत त्यानं एकदा माझ्यादेखत तिला केसांना धरून फरफटत नेलं, कमरेत लाथ घातली. मी मध्ये पडले तर मला म्हणाला, "ताई, तुमी सावलीत बसून कागद लिवा. हे आमचं घरचं हाय."

एल्लम्मा उठली, तोंडातलं रक्त थुंकली आणि उरलेली नावं पुकारली.

पुढच्या आठवड्यात गेले तर ती नव्हती. "पळाली गावाला," मुकादम म्हणाला. तिचा नवरा सायलू झोपडीत पालथा पडलेला, पाठ चाबकानं फुटलेली.

"टीचरम्मा," तो म्हणाला; सगळे मजूर मला अशीच हाक मारायचे. "एकाची ओ आली नाही. ती बघायला खाली उतरली. तो पलीकडून वर आला, ती खालीच. मुकादमानं वात पेटवायला लावली..." त्यानं दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो ढीग उपसायला निघाला, म्हणून मार खाल्ला होता.

मी, सायलू आणि संस्थेचे देशमानेकाका ठाण्यात गेलो. हवालदार हसला. "काका, ढीग उपसायला काय रोजगार हमी काढू का? परमुलखातली बाई. आज हितं, उद्या तिथं."

"तुमच्या घरची असती तर?" काकांनी विचारलं.

"आमच्या घरच्या दगडं फोडायला जात न्हाईत."

मग मी ठरवलं, प्रत्येक मजुराची जबानी घ्यायची. भर दुपारी खाली खदानीत उतरले, कारण हात चालू असतानाच ते बोलायचे. वर ट्रकच्या आड, नेहमीच्या सुरक्षित जागी मुकादम उभा होता. एल्लम्मा गेल्यापासून हाकेऐवजी शिट्टी व्हायची. त्या दिवशी शिट्टी झालीच नाही.

वाजलं ते घमेलं.

ठण्... ठण्... ठण्... आणि बाईचा आवाज. "नरसिंलू!" नरसिंलूनं पहार टाकली आणि "ओ" म्हणत पळाला. "बालम्मा!" "ओ!" सायलूचं नाव आलं तेव्हा तो हलेना. नुसता ढिगाकडे बघत राहिला. आवाज पुन्हा आला, रागावलेला — बायको रागावते तसा. तो हुंदका देत "ओ" म्हणाला. बालम्मानं मागे येऊन त्याला दंडाला धरून ओढलं.

शेवटी — "बेबी!"

बेबी हे माझं भोकरचं, घरातलं नाव. लातुरात ते कुणालाच माहीत नव्हतं. मी ओ दिली आणि जीव खाऊन पळाले.

कड चढले न चढले तोच खदान फुटली. मी जिथं बसले होते तिथं माणसाएवढा धोंडा येऊन पडला. दुसरा एक दगड ट्रकवरून उडाला आणि मुकादमाचा जबडा फोडून गेला. दात मातीत पडले, रक्त थांबेना. तो जगला, पण त्याला आता बोलता येत नाही. त्याचं नाव कुणी पुकारलं नव्हतं.

वात पेटवणाऱ्यानं नंतर रडत सांगितलं, "मुकादमच म्हणला, शिट्टी मारू नको. ती टीचरम्मा खालीच ऱ्हाऊ दे."

त्या दुपारी कुणीच घमेलं वाजवलं नव्हतं. एल्लम्माचं घमेलं तर तिच्याबरोबरच ढिगाखाली गेलेलं. काका म्हणतात, "सवय गं ती. सगळ्यांच्या कानात तीच हाक बसलेली." असेल. पण मग 'बेबी'? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. जिवंत माणसांनी करायचं काम मेलेल्या बाईला करावं लागलं, याचा संताप मात्र जात नाही.

ढीग अजून तिथंच आहे. ठाण्याच्या कागदावर एल्लम्मा अजून 'पळालेली' आहे. तुम्ही हे वाचलंय, तर कलेक्टरांच्या नावे एक पोस्टकार्ड टाका. एवढंच लिहा: अहमदपूर रस्त्यावरच्या खदानीतला ढीग उपसा. आणि त्या फाट्यावरून गेलात तर घटकाभर थांबा, खदानीकडे तोंड करा आणि मोठ्यानं तिचं नाव पुकारा.

त्या दिवशी तिला पुकारायला कोणी नव्हतं.