स्टीम पंखा

मुलगी फोनवर ‘स्टीमपंक’ म्हणाली आणि मी ‘स्टीम पंखा’ ऐकलं. त्यात माझा फारसा दोष नव्हता, असं मी आजही मानतो. स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट चाललं होतं. फोन जर्मनीहून आलेला, म्हणजे निम्मे शब्द वाटेतच उतरून गेलेले. आणि दारव्ह्याच्या मे महिन्यात माणसाला पंखा सोडून दुसरं काही ऐकू येतच नाही.

आधी ही कार्डांची भानगड सांगतो. आमची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी जर्मनीत असते. आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. ‘पोरगी जर्मनात गेली’ असं बायकोनं सांगितलं, तेव्हा शेजारच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की ती भांड्यांच्या कारखान्यात लागली. तर तिथे तिला एक छंद जडला. पत्त्यातल्या पानाएवढं जाड कागदाचं कार्ड घ्यायचं, त्यावर रंग, चिंध्या, तारा, घड्याळाची चाकं, हाताला लागेल ते चिकटवून चित्र उभं करायचं, आणि अशीच कार्डं करणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी ते देऊन टाकायचं. तो त्याचं एक तुम्हाला देतो. विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही. कार्डाला कार्ड, एवढाच नियम.

मला तिच्या हातचं एक कार्ड हवं होतं. कलेची मला फार जाण आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. गोष्ट अशी की तीन दिवाळ्या झाल्या, मुलगी घरी आलेली नव्हती. दर रविवारी फोन यायचा. जेवले का? जेवलो. काय केलं होतं? वांग्याची भाजी. थंडी आहे का? आहे. मग तिला मशीनमधून कपडे काढायचे असायचे. आणि एकदा बोलता बोलता ती म्हणून गेली होती की एक कार्ड करायला तिची अख्खी संध्याकाळ जाते. ते माझ्या डोक्यात बसलं. आपल्यासाठी एक करायला लावलं, तर एक अख्खी संध्याकाळ पोरगी आपल्याजवळ बसेल. जर्मनीत का होईना.

म्हणून मागितलं. ती म्हणाली, असं मागून मिळत नसतं बाबा, तुम्ही एक करा, मग मी देते. कशावर करू, विचारलं. ती म्हणाली, सध्या आमचा सगळा गट करतोय ते म्हणजे... आणि इथे मिक्सर फिरला.

माझं बसस्टँडजवळ वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कात्री-गोंदाला तोटा नव्हता. एक चांगली जाड लग्नपत्रिका पत्त्याच्या मापानं कापली. खाली कुकर काढला, शिट्टीतून वाफ काढली, वर छताचा पंखा लटकवला. पंख्याची पाती चॉकलेटच्या चंदेरी कागदाची. वाफ पात्यांना लागते आणि पंखा फिरतो, अशी कल्पना. पोरगी इंजिनिअर आहे, लोडशेडिंगवर काहीतरी उपाय काढत असेल, असं मी धरून चाललो होतो. कार्डामागे करणाऱ्याची ओळख द्यायची असते हे माहीत होतं, म्हणून दुकानाचा रबरी शिक्का मारला. ‘झेरॉक्स व लॅमिनेशन करून मिळेल’ यासकट.

ते कार्ड पोचलं त्या रविवारी मुलगी फोनवर इतकी हसली, की तिच्या हातातला फोन हलायला लागला आणि आम्हाला नुसतं तिचं छत दिसत राहिलं. बायको कढईतली भाजी सोडून येऊन उभी राहिली. पुण्याला शिकायला गेल्यापासून मुलगी पुस्तकातल्यासारखं बोलते, पण हसताना तिच्यातलं दारव्हा बाहेर येतं.

“बाबा, पंखा नाही वो, पंक. अन् कुकर कायले काढला?”

भाजी लागली. त्या दिवशी बायको त्याबद्दल काही बोलली नाही, यावरून तुम्ही समजा.

हसून झाल्यावर मुलीनं नीट सांगितलं. समजा, वीज आणि पेट्रोल आलंच नसतं आणि सगळं जग वाफेवरच पुढे गेलं असतं, तर ते कसं दिसलं असतं? पितळी नळ्या, दातेरी चाकं, बॉयलर, वाफेवर उडणारी जहाजं, डोळ्यांना चामड्याचे चष्मे. असं जग कल्पून त्याची चित्रं करायची. “जो काळ कधी झालाच नाही, त्याची आठवण काढायची, बाबा,” ती म्हणाली. तिनं हेही सांगितलं की कार्डामागे शिक्का नसतो. आपलं नाव, कार्डाचं नाव आणि गाव, एवढंच. पंख्याच्या बदल्यात एक कार्ड द्यायला ती तयार होती. ते मुकाट्यानं घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझा अभिमान आडवा आला. म्हटलं, नको, चुकीच्या मालाची अदलाबदल नको. खरं करून पाठवतो.

फोन ठेवल्यावर मला प्रश्न पडला. काळ कधी झालाच नाही म्हणजे काय? तिच्या त्या न झालेल्या काळात मी तिकीट काढून बसलेलो आहे.

आमच्या गावावरून जाणारी लहान रुळांची गाडी माझ्या लहानपणी वाफेवरच चालायची. काळं इंजिन, दोन-चार डबे आणि ऐट मात्र मोठ्या गाडीची. खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचाच. चामड्याचा चष्मा आमच्याकडे नव्हता, आईचा पदर होता. गाडी इतकी हळू चालायची की माणसं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची, असं इकडे सगळेच सांगतात. मीही एकदा उतरलो होतो. पण मी उतरल्यावर तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं वेग घेतला. मी पळालो, आणि गार्डानं मला कॉलरला धरून वर ओढलं. खिशातली बोरं सगळी सांडली.

मुलीनं पाहिली ती गाडी डिझेलवरची. वाफ गेली होती, गर्दी तशीच होती. बायकोचं माहेर यवतमाळचं, त्यामुळे आमचं जाणं-येणं असायचं. गाडी फलाटाला लागली की जो तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा. माझ्या रुमालात काही दम नव्हता. मी टाकला की त्यावरच कुणीतरी ऐसपैस बसलेलं असायचं, आणि उठताना तोच मला विचारायचा, “भाऊ, हा फडका तुमचा का?” शेवटी बायकोनं वेगळी रीत काढली. ती आपला पिवळा रुमाल मुलीच्या हातात द्यायची आणि मुलीलाच खिडकीतून आत सोडायची. मुलगी बाकावर रुमाल पसरायची, दोन्ही बाजूंना दोन तळहात टेकवायची आणि आम्ही दारातून रेटारेटी करत येईपर्यंत ओरडत राहायची, “इथं माह्ये आई-बाबा बसतेत!” धिप्पाड माणसंही तिच्यापुढे उभी राहायची. आम्ही पोचलो की ती हात उचलायची आणि मग मधे आपल्यापुरती जागा करून बसायची.

आता गाडी बंद आहे. रूळ गवतात गेले आहेत. तिथे संध्याकाळी मी फिरायला जातो, तब्येतीसाठी जातो असं घरी सांगतो.

तर ठरलं, कार्डावर तीच गाडी करायची. वाफेवरची.

बाजारात एक घड्याळवाला आहे, तो आता मोबाईलची कव्हरं विकतो. त्यानं मेलेल्या घड्याळांचा एक डबाच माझ्यापुढे ठेवला आणि इतक्या वर्षांनी यांना कुणीतरी विचारलं, म्हणून चहाही पाजला. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा सोनेरी बेगड माझ्याच दुकानात उरलेला होता. इंजिनाला पितळेची झळाळी त्यानं आली. धुराड्याला पेनचं टोपण कापून लावलं. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात भिजत घातला. बायकोनं ते भांडं पाहिलं. म्हणाली, “मले कधी चहा करून देल्ला नाही, कागदाले पाजून राह्यले.”

सगळं जमलं, वाफ जमेना. पांढऱ्या रंगाची काढली तर धुराड्यावर फुलकोबी ठेवल्यासारखी दिसली. ती खरवडली आणि टिश्यू पेपरची लावली, तर गाडीला सर्दी झाल्यासारखं वाटलं. बायको शेजारीच पाटावर वाती वळत बसली होती. तिला या धंद्यात रस नव्हता. मोठ्या माणसानं चिकटवाचिकटवी करणं म्हणजे तिच्या मते बह्याडपणा, निव्वळ खुळेपणा. पण हात वातींवर असला तरी डोळे माझ्या कार्डावर होते.

“इंजिन पुढे चाललं ना? मंग वाफ मागे जाईन. तुमी वरते काहून काढून राह्यले?”

असं म्हणून तिनं डब्यातून चिमूटभर कापूस घेतला, दोन बोटांत धरून हळूच ओढला, अगदी विरळ, लांब, मध्येच थोडा पीळ दिलेला, आणि धुराड्यापासून मागे डब्यांवर पसरवून दिला. माझं इंजिन तोवर उभं होतं, ते चालायला लागलं. मी मागे दोघांची नावं लिहू म्हटलं. ती म्हणाली, मले कायले त्यात ओढता. मग माझं एकट्याचंच लिहिलं. कार्डाचं नाव ‘झालेला काळ’. गाव दारव्हा.

ते कार्ड पोचलं तेव्हा मुलगी हसली नाही. फोनसमोर धरून तिनं ते बराच वेळ पाहिलं. चाकांवर बोट फिरवलं, टोपण ओळखलं, बेगड ओळखला. मग बोट कापसावर थांबलं.

“वाफ आईची हाय ना?”

बायको एकदम उठली आणि गॅस बारीक करायला गेली. गॅस बंदच होता.

त्यानंतर मी पोस्टमनची वाट पाहायला लागलो. आमचा पोस्टमन दुकानात रोज येतो, कारण समोर पाणपोई आहे. मी रोज मान वर करायचो आणि तो रोज पाणी पिऊन जायचा. सोयाबीन निघालं, कापूस फुटायला लागला. दिवाळी जवळ आली तसा फोनवर एक नवीनच संकोच सुरू झाला. येतेस का, हे आम्ही विचारत नव्हतो. विचारलं की तिला सुट्टीचं, तिकिटांचं, साहेबाचं सगळं समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगताना तिचा चेहरा कसनुसा होतो. तीही काही म्हणत नव्हती. आपलं, जेवले का? जेवलो.

दसरा झाला आणि पाकीट आलं. दुकान अर्धवट उघडं टाकून मी घरी गेलो.

बायको स्वयंपाकघरात चटणी वाटत होती, मिक्सर चालू होता. मी ओट्यावरच पाकीट फोडलं. आत आमच्याच गाडीचा डबा होता. माझ्या इंजिनाच्या मागे जोडायला केल्यासारखा, त्याच मापाचा. गंजल्या रंगाचा पत्रा, त्यावर टाचणीच्या डोक्यांचे खिळे, चाकांना घड्याळाची दातेरी चक्रं, आणि पितळी चौकटीची एकच मोठी खिडकी. खिडकीतून आतलं लाकडी बाक दिसत होतं. बाकावर कुणी नव्हतं. फक्त खिडकीच्या खालच्या कडेवरून पिवळ्या कापडाचा बोटभर तुकडा बाहेर लोंबत होता.

मी आधी त्या तुकड्यालाच नावं ठेवली. म्हटलं, एवढं सुंदर केलं पोरीनं, पण आपल्या गाडीला पडदे कुठे होते? मग कार्ड उलटं केलं. तिचं नाव होतं. कार्डाचं नाव होतं, ‘डबा’. त्याखाली ‘गाव’ असं लिहिलेलं आणि पुढे काहीच नव्हतं. कोरं.

तिची बाकीची कार्डं मी फोनवर पाहिलेली आहेत. त्यांच्यामागे तिथल्या गावाचं लांबलचक नाव असतं, मला ते अजून म्हणता येत नाही. तेही नव्हतं आणि दारव्हाही नव्हतं. इकडे नवख्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘गाव कोन्तं?’ हाच. पोरीला आता त्याचं उत्तर येत नाही, असं मला वाटलं. तिची एक संध्याकाळ मागून घेतली होती, ती मिळाली, आणि हातात धरली तर ही अशी. मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून मी बायकोला म्हणालो, पाह्य, गाव लिहायलाच भुलली. इथलंही नाही, तिथलंही नाही.

बायकोनं मिक्सर बंद केला. हात पदराला पुसले, कार्ड घेतलं आणि खिडकीपाशी उजेडात गेली. त्या पिवळ्या तुकड्याची कडा तिनं नखानं हलकेच उचलून पाहिली. मग मागची कोरी जागा पाहिली. मी काही बोलणार, तेवढ्यात ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली,

“पडदा नाही तो. माह्या रुमालाचा तुकडा हाय, जातानी नेला होता तिनं. भुलली नाही ते, जागा धरून ठेवली हाय पोरीनं. आता तिची इथं का आपली तिथं, ते फोन करून इचारा. अन् मिक्सर बंद असतानी इचारा.”